टाकी पूर्ण

औटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हाच मला शंका आली. साहेब बोलावतात ते एकतर रजा नामंजूर करायला, नाहीतर दुसऱ्याचं काम गळ्यात घालायला. रजा मी मागितलेली नव्हती.

"गुंजाळ, येत्या चौदा एप्रिलला आपल्या अग्निशमन केंद्राला पन्नास वर्षं होतात," साहेब म्हणाले. "नगरपरिषदेला स्मरणिका काढायचीय. केंद्राचा इतिहास तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"अक्षराचा काय संबंध साहेब? छापणारच ना?"

"बघ, प्रश्नही चांगले विचारतेस. म्हणजे इतिहास जमेल तुला." त्यांनी जुन्या कपाटाची किल्ली टेबलावर सरकवली. "आणि त्या दिवशी गनीभाईंचा सत्कार आहे. लीडिंग फायरमन म्हणून रिटायर झाले, चौतीस वर्षं सेवा. त्यांच्यावर एक पान टाक."

मी 'हो साहेब' म्हटलं आणि बाहेर येऊन बंबाच्या चाकाला लाथ घातली. चाकाला काही झालं नाही, पायात बूट असूनही माझा अंगठा मात्र दोन दिवस ठणकत होता.

माझे वडील सहादेव गुंजाळ याच केंद्रात बंबाचे ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. सत्त्याण्णव सालच्या बावीस एप्रिलला संध्याकाळी गावातल्या लाकडाच्या वखारीला आग लागली. बंब सहा मिनिटांत पोचला, पाइप अंथरले, पंप सुरू झाला आणि दोन मिनिटांत पाणी संपलं. दुसऱ्यांदा भरून आणेपर्यंत पाऊण तास गेला. वखारीत श्रीमंत नावाचा हमाल अडकला होता. त्याला बाहेर काढला तेव्हा धुगधुगी होती, पण नगरला नेता नेता तो गेला. चौकशी बसली. 'टाकी भरावयाची राहून गेली' असं आण्णांनी लिहून दिलं. निलंबन झालं आणि नंतर परत घेतलं ते कचऱ्याच्या गाडीवर. पुढची सोळा वर्षं आण्णांनी गावाचा कचरा वाहिला. गाव त्यांना 'रिकामा बंब' म्हणायचं, आणि शाळेत मला 'रिकाम्या बंबाची'. अकरा वर्षांपूर्वी आण्णा गेले, तेव्हा तिरडीमागे चालणाऱ्या एकाने हाच शब्द हळूच उच्चारलेला मी या कानांनी ऐकला आहे.

त्या संध्याकाळी बंबावर जबाबदार माणसं दोनच होती, आण्णा आणि गनीभाई. एकाच्या वाट्याला कचऱ्याची गाडी आली, दुसऱ्याला आता शाल-श्रीफळ मिळणार होतं. घरात गनीभाईंचं नाव निघालं की आई भाकरी जरा जोरात थापायची. त्या आवाजावरच मी वाढले.

दोन वर्षांपूर्वी मी फायरमनचा कोर्स करून इथे लागले, तेव्हा गावातली पहिली बाई म्हणून पेपरात फोटो आला. भरतीच्या फॉर्मवर ओळखखूण म्हणून 'डाव्या भुवईवर जुना व्रण' असं लिहिलं होतं. तान्ही असताना मी खाटेवरून पडले होते म्हणे. लोकांना वाटलं, पोरीला दुसरी नोकरी मिळाली नसेल. खरं सांगायचं तर मला त्या कपाटापर्यंत पोचायचं होतं. आण्णा विसरणारा माणूस नव्हता. खरं काय झालं ते शोधायचं आणि त्यांचं नाव छापील कागदावर धुऊन काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आता किल्ली साहेबांनीच हातात दिली होती.

कपाटात पन्नास वर्षांची रजिस्टरं होती आणि उंदरांच्या किमान तेवढ्याच पिढ्या. मी पहिल्यापासून वाचायला घेतलं. पंचाहत्तर सालाआधी गावात आग लागली की मारुतीच्या देवळातली घंटा वाजायची आणि ज्याच्या घरात हंडा असेल तो धावायचा. मग नगरपरिषदेने एक जुना ट्रक घेतला, त्यावर टाकी बसवली, हाताने फिरवायचा भोंगा आणला आणि सहा माणसं नेमली. साखर कारखान्याचाही बंब होता. आमच्याआधी तो पोचला तर आमची माणसं आठवडाभर त्यांच्या माणसांशी बोलत नसत. पंच्याऐंशीपर्यंत आगीच्या कारणापुढे सरसकट 'बिडीचे थोटूक' लिहिलेलं आहे, त्यानंतर सरसकट 'शॉर्टसर्किट'. वीज न पोचलेल्या एका वस्तीवरची कडब्याची गंजसुद्धा शॉर्टसर्किटने जळालेली आहे. विहिरीत पडलेल्या बिबट्याच्या नोंदीपुढे शेरा आहे, 'बिबट्या सुखरूप, फायरमन जखमी'. अकोले तालुक्यात दरीत जीप गेली तेव्हा आपले दोर कमी पडले आणि लोकांनी बैलगाड्यांचे कासरे जोडून दिले, हेही आहे. वाचता वाचता मला या सगळ्या माणसांचा अभिमान वाटायला लागला आणि त्याचाच राग आला. अभिमान वाटण्यासाठी मी कपाट उघडलं नव्हतं.

आमच्याकडे पाळी बदलताना एक रीत आहे, ती तेव्हाही होती. चार्ज घेणाऱ्याने पान्याने टाकी ठोकायची. भरलेली असेल तर थप्प असा आवाज येतो, रिकामी असेल तर घण्ण वाजते. पाणी दाखवायला बाजूला नळी बसवलेली आहे, पण तिच्यावर कोणाचाच विश्वास नाही. ठोकायचं, कान द्यायचा आणि रजिस्टरात सही करून लिहायचं, 'टाकी पूर्ण'.

बावीस एप्रिल सत्त्याण्णवचं पान मी तीनदा वाचलं. 'दु. १.२० बंब भरला', खाली आण्णांची सही. 'दु. २.०० चार्ज घेतला. टाकी ठोकून पाहिली. टाकी पूर्ण', खाली गनीभाईंची सही. 'सायं. ६.४० वर्दी, लाकूड वखार. ६.४१ बंब रवाना.' मध्ये दुसरी वर्दी नाही, की बंब कुठे पाठवल्याची नोंद नाही.

म्हणजे टाकी भरली होती. भरल्याचं आण्णांनी स्वतः लिहिलं होतं आणि आठ दिवसांनी त्याच हाताने 'भरावयाची राहून गेली' असंही लिहिलं होतं. दोन्हीपैकी एक खोटं. कबुली मिळाल्यावर चौकशीने हे पान उघडलंच नसावं. आण्णा खोटं बोलले की त्यांचे कान लाल व्हायचे, आख्ख्या गल्लीला माहीत होतं. कागदावर कान दिसत नाहीत, हीच अडचण होती.

घरी गेले तर आई मेथी निवडत होती.

"आई, त्या दिवशी बंब भरलेला होता. आण्णांच्या हातची नोंद आहे."

आईने वर पाहिलं नाही. "मग मी काय येगळं सांगत आले आजवर? बिबीजाननं कॉक उघडा सोडला. नवऱ्यानं तिला वाचवलं आन तुझ्या आण्णांचा बळी दिला."

बिबीजान म्हणजे गनीभाईंची बायको. गनीभाईंनी आण्णांना बुडवलं, हे मी आईकडून हजारदा ऐकलं होतं. कॉकची गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुठला कॉक?"

मग तिने सांगितलं. तेव्हा फायरवाल्यांची कुटुंबं केंद्राच्या मागे क्वार्टरमध्ये राहायची. उन्हाळ्यात गावाला आठ दिवसांनी पाणी यायचं, बंब मात्र रोज भरला जायचा. टाकीखाली, मागच्या गटाराच्या बाजूला, पाणी काढून टाकायचा इंचभर कॉक होता. साडेपाचला क्वार्टरमधल्या बाया कळश्या घेऊन यायच्या आणि दोन-दोन भरून न्यायच्या. नियमात बसत नव्हतं, पण साहेबाची बायकोही यायची. बायांचा आपसातला नियम एकच होता. शेवटी भरेल तिने कॉक बंद करायचा.

"आणि त्या दिवशी शेवटी कोण होतं?"

"बिबीजानच." आईने एक काडी मोडली. "आन त्याच सांजेला माझी कळशी गेली. मामानं लग्नात दिलेली, नाव घातलेली पितळी कळशी. दारातनं उचलली. पुढं एकदा तिच्या घरात बघितली मी, माझ्या डोळ्यांनी. चोर त्ये चोर, वर सत्कार."

"तू चौकशीत का नाही सांगितलंस?"

"बाईला कोन ईचारतंय?"

हे पटण्यासारखं होतं. त्या रात्री मी मनातल्या मनात गनीभाईंचं पान लिहून टाकलं. त्यात चौतीस वर्षांची सेवा एका ओळीत होती आणि बाकीचं पान कॉकवर होतं.

पण मी कितीही रागीट असले तरी पुराव्याशिवाय बोलणारी नाही. आमचा जुना बंब केंद्रामागे बाभळीखाली गंजत पडला आहे, तोच तो, सत्त्याण्णवचा. मी दोघा सहकाऱ्यांना भजी कबूल केली, होज जोडून त्याची टाकी काठोकाठ भरली, कॉकवर पाना मारून तो उघडला आणि घड्याळ लावलं. पाणी गटाराच्या अगदी तोंडावर पडत होतं आणि दहा पावलांवरही आवाज येत नव्हता. अठ्ठेचाळीस मिनिटांत टाकीत वीतभर पाणी उरलं. मी टाकी ठोकली, ती घण्ण वाजली. साडेपाच ते सहा चाळीस म्हणजे सत्तर मिनिटं. आईचं बरोबर होतं.

औटी साहेब मागे येऊन उभे होते. "गुंजाळ, भर एप्रिलात साडेचार हजार लिटर पाणी गटारात? हा इतिहास लिहायचा प्रकार आहे का?"

"हो साहेब," मी म्हटलं. ते डोकं हलवत गेले.

गनीभाई रिटायर झाल्यावर कोल्हारला राहायला गेले होते. रविवारी मी गाडी काढली. स्मरणिकेसाठी माहिती हवी असं फोनवर सांगितलं होतं, आणि बॅगेत रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स होती. घर नदीकडच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, पुढे शेवग्याचं झाड. गनीभाई दारातच खुर्ची टाकून बसले होते. सत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सहादेवची पोर ना तू? भुवईवरनं वळखली."

माझ्या भुवईचं यांना काय माहीत, असं मनात आलं. मी आत जाऊन बसले. बिबीजान चहा टाकायला उठल्या. त्यांच्या मागे भिंतीवर भांड्यांची मांडणी होती, सगळी स्टीलची. वरच्या फळीवर एकटीच पितळी कळशी होती. घरातलं बाकीचं सगळं वापरून झिजलेलं, ही मात्र लखलखीत. मी उठले, फळीपाशी गेले आणि काठावरची अक्षरं वाचली. 'चि. सौ. कां. चांगुणा हिस मामाकडून'.

आई खोटं बोलली नव्हती. माझे कान तापले.

"चाची, ही कळशी कुणाची?"

बिबीजानच्या हातात साखरेचा डबा तसाच राहिला. त्यांनी दाराकडे, नवऱ्याकडे पाहिलं. "तुझ्या आईची हाय," त्या म्हणाल्या.

"चोरलेली?"

तो शब्द मी वापरला. त्याची लाज मला आजही वाटते.

गनीभाई आत आले आणि माझ्यासमोर बसले. मी झेरॉक्स त्यांच्यापुढे टाकली. "टाकी पूर्ण होती. सही तुमची आहे. चाचींनी कॉक उघडा सोडला, तुम्ही त्यांना वाचवलंत आणि माझ्या बापाला कचऱ्याच्या गाडीवर बसवलंत. चौदा तारखेला शाल तुमच्या अंगावर पडायच्या आधी हे सगळं छापून येणार आहे."

मला वाटलं ते चिडतील. ते झेरॉक्सवरच्या आण्णांच्या सहीवर बोट फिरवत राहिले.

"बिबी त्या दिवशी तिथं नव्हतीच," ते म्हणाले. "माहेरी गेल्ती, राहुरीला. तिच्या भावाचं लगन हुतं. क्वार्टरमधली कोनी बी सांगंल."

मी बिबीजानकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"मग कॉक?"

"सहा चाळीसला वर्दी आली. आमी पळालो. मी मागनं चढायला गेलो तर कॉक सताड उघडा. खाली ही कळशी, काठोकाठ भरलेली. वरनं पानी गळायचं बी थांबत आल्तं. मी कॉक बंद केला, कळशी वतून हत्याराच्या कप्प्यात टाकली. नाव वाचलं हुतं मी. पळत पुढं जाऊन सहादेवला म्हनलं, पानी लई कमी हाय. तो म्हनला, जेवढं हाय तेवढं मारू, चल. पुढचं तुला ठाव हाय."

बिबीजानने चहा माझ्यापुढे ठेवला. मी हात लावला नाही.

"परत आल्यावर त्याला कळशी दाखवली. तो तिथंच खाली बसला. तू घरात खाटंवरनं पडली हुतीस, भुवईला खोक, लई रगत. तुझं वरडनं ऐकून चांगुणा कळशी तशीच टाकून पळाली, कॉक राहिला. सहादेव म्हनला, गनी, एक मानूस मेलाय. तिला कळलं तर ती जगायची न्हाई, आन पोर आठ म्हयन्याची हाय. मी लिहून देतो, भरायची राहिली म्हनून. मी म्हनलं, माझी बी सही हाय, दोघं लिहून देऊ. तर म्हनला, दोघं बी गेलो तर बंबावर कोन जाईल?"

"आणि कळशी?" मी विचारलं.

"कशी देनार परत?" बिबीजान म्हणाल्या. "कुठं घावली म्हनून सांगनार? टाकून बी देवेना. नाव घातलेलं भांडं कोन टाकतं? ठिवली. तुझ्या आईनं एकदा बघितली माझ्या घरात, चोर म्हनली मला चारचौघींत. मी ऐकून घेतलं."

माझा हात आपोआप भुवईवर गेला. कळायला लागल्यापासून मी या माणसाचा हिशेब चुकता करायला निघाले होते आणि त्या संध्याकाळची सुरुवात माझ्याच कपाळावर लिहिलेली होती. मला रडू आलं. बिबीजानने पदराने माझे डोळे पुसले, मी पुसू दिले.

निघताना गनीभाई फाटकापर्यंत आले. "बेटी, एक ईचारू? चौकशीत कॉकचं नाव बी न्हाई. कॉक उघडा हुता हे मला, बिबीला आन सहादेवला, तिघांनाच ठाव. सहादेव मरस्तोवर बोलला न्हाई. मग तुला कोनी सांगितलं?"

"आईनं," मी म्हटलं.

 त्यांनी झेरॉक्सची घडी करून माझ्या हातात दिली आणि मागे वळले.

त्यानंतरचे आठ दिवस मी आईवर नजर ठेवून होते, हे सांगायला बरं वाटत नाही. ती नळाची तोटी बंद करायची, दोन पावलं जायची, परत येऊन पिळून बघायची. असं ती माझ्या लहानपणापासून करते. मला नेहमी वाटायचं, पाण्याची काटकसर. ती कधी केंद्राच्या रस्त्याने बाजारात जात नाही, लांबून वळसा घालते. आण्णांच्या अपमानामुळे असेल, असं मी धरून चालले होते. आता तिच्या प्रत्येक सवयीमागे मला बावीस एप्रिल दिसायला लागली. कधी वाटायचं, हिला सगळं माहीत होतं आणि तरी हिने एका निर्दोष बाईला चोर म्हटलं. कधी वाटायचं, हिला फक्त शंका असेल, आणि ती शंका दुसऱ्याच्या दारात ठेवल्याशिवाय तिला झोप आली नसेल. विचारायची हिंमत झाली नाही. आण्णांनी सोळा वर्षं कचरा वाहून जे झाकलं, ते मी एका प्रश्नाने कसं उघडू?

साहेबांनी मजकूर मागितला तेव्हा मी गनीभाईंचं पान मनापासून लिहिलं. आगीच्या पानावर लिहिलं, 'दुपारी टाकी पूर्ण असल्याची नोंद आहे. ती रिकामी कशी झाली याची नोंद नाही.' यापेक्षा जास्त मला लिहिता येईना. आण्णांचं नाव अर्धंच धुतलं गेलं.

आईला वाचता येत नाही. तेरा तारखेला संध्याकाळी तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"गनीला भेटलीस म्हनं," ती म्हणाली.

"भेटले."

"काय म्हनला?"

"तुझी विचारपूस केली."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "कळशी दिसली का तिथं?"

"नाही," मी म्हटलं. माझेही कान लाल होत असतील, आण्णांचीच पोर आहे मी. आईने माझ्या कानांकडे पाहिलं आणि उठून तोटी पिळून आली.

चौदा तारखेला सकाळी ती नवं लुगडं नेसून तयार होती. "मी बी येनार," एवढंच म्हणाली. मला धास्ती वाटली. बिबीजान तिथे असणार, आणि आईच्या तोंडाला कोण आवर घालणार?

केंद्रापुढे मांडव होता, बंब धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ड्यूटीवर मेलेल्या जवानांसाठी दोन मिनिटं उभं राहून झालं. भाषणात पाहुणे 'अहिल्यानगर' म्हणत होते, ऐकणारे आपसात 'नगर' म्हणत होते. मग गनीभाईंना शाल घातली आणि माइक दिला.

"ह्या केंद्रात माझ्यापेक्षा चांगला मानूस एकच हुता," ते म्हणाले. "सहादेव गुंजाळ. ही शाल त्याची हाय."

मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी बोललं, फार मोठ्याने नाही, पण ऐकू येईल एवढं. "म्हणजे रिकामा बंब."

दोन-चार लोक हसले. मी वळले, पण त्याआधी आई उठली होती. ती रांगेतून बाहेर पडली, मांडवाच्या मध्यावर आली आणि त्या आवाजाकडे तोंड करून उभी राहिली. माइक कोणी दिला नाही, तिला लागलाही नाही.

"बंब भरलेला हुता," ती म्हणाली. "माझ्या मालकानं भरला हुता. त्याचा कॉक मी उघडा सोडला. पोर पडली म्हनून पळाले, आन मागं वळून बघितलं न्हाई. सांजेला रस्त्यावर भोंगा वाजला तवा आठवलं. तवाच आठवलं मला. पन माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई, आन मालक लिहून मोकळे झाले. श्रीमंत हमालाच्या मरनाचं पाप माझ्यावर हाय, त्यांच्यावर न्हाई. आता कोनाला हसायचं आसंल तर माझ्याकडं बघून हसा."

कोणी हसलं नाही. औटी साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मी तिच्याकडे धावले, पण तिने हात आडवा केला. तिला अजून एक काम होतं. बायकांच्या खुर्च्यांत बिबीजान बसल्या होत्या, ती त्यांच्यासमोर जाऊन थांबली. आईने चोर म्हटलं त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं.

"बिबीजान," आई म्हणाली, "माझी कळशी तुमच्याकडं राहिली हाय. चोरीची न्हाई. मीच नळाखाली टाकून गेल्ते."

बिबीजानने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि आईला बसायला जागा केली.

"चिंच लावून घासून ठिवलीय," त्या म्हणाल्या. "घरी या न्यायला."